भोरड्या आल्या, एवढंच मोठ्यानं वाच

अकोला,
कार्तिक वद्य तृतीया

प्रिय जमुना,

थांब, ही ओळ मोठ्यानं वाचू नकोस. आजवर माझं प्रत्येक पत्र तुझ्या सासऱ्यांच्या नावानं आलं, नमस्कारानं सुरू झालं आणि ओसरीवर सगळ्यांसमोर वाचलं गेलं. आताही किसनकाका खांबाला टेकून बसले असतील, पार्बताकाकूंनी हातातलं सूप बाजूला ठेवलं असेल आणि शेजारचे दोघं-तिघं पाखरांची खबर ऐकायला आले असतील. तेव्हा काकांना माझा नमस्कार तोंडानंच सांग आणि खाली जिथून भोरड्या सुरू होतात तिथून खणखणीत आवाजात वाच. कुठे थांबायचं ते मी सांगेन. तू नवी वाचणारी, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे.

किसनकाका, भोरड्या आल्या. परवा बाळापूरकडच्या बैलबंड्या कापूस घेऊन आमच्या सरकी काढायच्या जिनात आल्या, त्यांनी पहिली खबर आणली. एक गाडीवान म्हणाला, नदीकाठच्या बाभळींवर सांजच्याला इतकी पाखरं उतरली की फांद्या वाकल्या. गाडीवानाच्या बोलण्यातलं अर्धं वाटेतच सोडून द्यावं, म्हणून मी लगेच लिहिलं नाही. पण काल जिनामागच्या वडावर माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. तेच काळं डोकं, तेच गुलाबी अंग, आणि शाळा सुटल्यावर होतो तोच कलकलाट. म्हणजे दोन-चार दिवसांत त्या दर्यापूरच्या शिवारात पोचतील. राखणीच्या माळ्याचे खांब हलत असतील तर आजच ठोकून घ्या. गोफणीची वादी जुनी झाली असेल तर बदला, मागच्या खेपेला माझ्या दादाच्या गोफणीतला गोटा त्याच्याच बैलाला लागला होता. यंदा जवारी कशी आहे ते कळवा.

माझं इथलं काम तेच, वजनकाट्यावर बंड्या लावून घ्यायचं. एकामागे एक पन्नास बंड्या उभ्या असतात आणि प्रत्येकाला घाई असते. मी आधी पाखरं विचारतो, मग कापूस. तेल्हाऱ्याचा माणूस भोवत्याची खबर देतो, की पऱ्हाटीच्या वावरावरून पंख न हलवता खालून खालून फिरतो. अकोटचा माणूस सांगतो की करकोचे अजून हरभऱ्यात उतरले नाहीत. आता ते न विचारताच सांगतात. मूर्तिजापूरचा एक म्हातारा तर बंडी लांबून दिसताच तोंडाशी हात नेऊन ओरडतो, "पाखऱ्या, धोबी आला रे आमच्या ओढ्यावर!" पाखऱ्या हे माझं इथलं नाव. पगार शेषरावाच्या नावानं मिळतो, बाकी सगळं पाखऱ्याच्या.

मोरणेच्या वाळूवर धोबी दसऱ्याआधीच आला, शेपटी खालीवर करत फिरत असतो. चक्रवाकाची जोडीही उतरली आहे. पुराणिक सांगतात की ही दोघं रात्री दोन काठांवर बसून एकमेकांसाठी रडतात. मी आणि भगवंत, म्हणजे आमचा इंजिनवाला, मुद्दाम पाहायला गेलो. दोघंही एकाच काठावर मजेत चिखल चाळत होती. भगवंताला फार वाईट वाटलं, मला बरं वाटलं. आणि एक खबर जिनामागच्या रुईची, त्या चिकाच्या झुडपाची. तिच्या फुलांवर रोज एक शिंजीर येतो, बोटाएवढा, काळानिळा, चोच वाकडी. ते पाखरू काही जवारीच्या वाटेला जात नाही, पण काकांना आवडेल म्हणून लिहिलं. करकोचे अजून मला दिसलेले नाहीत. दिसले की कळवतोच.

इथे थांब, जमुना. काकांना सांग, खबर संपली. कागदांची घडी करून ओच्याला खोव, आणि उद्या माळ्यावर गेलीस की पुढचं वाच. तिथे तुला कोणी विचारणार नाही. खालून पाहणाऱ्याला वाटेल, बाई भाकर खाऊन राहिली.

बसलीस? गोफण जवळ असू दे. भोरड्यांना माझ्या पत्राची काही पडलेली नाही.

मागच्या माघात तुमच्या घरून कार्ड आलं तेव्हा मी काट्यावर होतो. अक्षर काकांचं नव्हतं. प्रत्येक अक्षर बोराएवढं, आणि शेवटच्या ओळीला जागा न उरल्यानं ती काठाकाठानं वर चढलेली. "भोरड्या गेल्या. जवारी घरात आली. मामंजीचे डोये अधू झाले म्हून आता मी लिहिते. जमुना." मी ते उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं, आणि मागच्या गाडीवानानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करेपर्यंत वाचत राहिलो. तू लिहितेस म्हणजे तू वाचतेस. म्हणजे मी लिहिलेलं आता दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्याकडे जाणार नाही. त्या रात्री भगवंतानं विचारलं, घरी काही वाईट तर नाही ना? मी म्हणालो, नाही बाबा, भोरड्या गेल्या.

तेव्हाच लिहायला हवं होतं. पण माघानंतर कशाच्या निमित्तानं लिहू? चैत्रात शेषरावाचं पत्र आलं असतं तर डाकवाल्यानंच चार घरी सांगितलं असतं. सगळं वऱ्हाड भोरड्यांच्या नावानं बोटं मोडतं, आणि मी एकटा असा करंटा की आखाडापासून त्यांची वाट पाहतो. भोरडी आली की मला तुमच्या घरी कागद धाडायचं कारण मिळतं. लोकांचं पीक खाणारं पाखरू, आणि मी देवाजवळ त्याला लवकर धाड म्हणतो. कोणाला सांगू नकोस, लोक मला गोफणीनंच मारतील.

तू माळ्यावर पहिल्यांदा चढलीस ते मला लख्ख आठवतं. मानमोडीच्या साथीनं माझे आईबाप नेले. जिच्याशी माझं ठरलं होतं ती पोरगीही गेली, आणि किसनकाकांचा एकुलता मुलगा, तुझा नवरा, तोही गेला. तू लग्न होऊन आलीस, तुझी हळद अजून पुरती उतरली नव्हती. त्या वर्षी शिवारात राखणीला माणसंच उरली नव्हती, म्हणून काकांनी तुला माळ्यावर बसवलं. तुला गोफण फिरवता येत नव्हती. पहिला गोटा तू तुझ्याच पाठीवर मारून घेतलास, आणि मी तिकडून हसलो. त्या साथीनंतर मी हसलो तो तेव्हाच पहिल्यांदा, म्हणून मला तो दिवस विसरता येत नाही.

आपल्या दोन माळ्यांमध्ये बांधाचा एक धुरा आणि एक बोरीचं झाड. विधवा सून आणि बिनलग्नाचा शेजारी धुऱ्यावर दोन शब्द बोलले असते तर गावानं ते पुढच्या सोंगणीपर्यंत चघळले असते. पण माळ्यावरून ओरडायला कोणाची हरकत? पाखरू कुठून येतं ते पुढच्या माळ्याला ओरडून सांगायचं, ही तर राखणीची रीतच. "शेषराव, आंब्याकून येऊन राहिल्या!" तू ओरडायचीस. "पाहिल्या वं, नदीकून वळवतो!" मी ओरडायचो. बस, एवढंच बोलणं. सगळं शिवार ते ऐकायचं, आणि तरी घरी जाताना मी ते एकटाच घेऊन जायचो.

मग एके दिवशी तू ओरडलीस, "शेषराव, वर पाहा, करकोचे चालले!" करकोचे जवारी खात नाहीत. राखण करणाऱ्यानं त्यांची खबर द्यायचं काही कारण नव्हतं. मी वर पाहिलं. उंच आभाळात त्यांची लांब ओळ होती आणि आवाज खाली आपल्यापर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी मी तुला धोब्याची खबर दिली. तू भोवत्याची दिलीस. हळूहळू पलीकडच्या माळ्यांवरचे लोकही बिनकामाची पाखरं ओरडून सांगायला लागले, आणि त्या हिवाळ्यात आपलं सगळं शिवार पाखरवेडं झालं. काका म्हणायचे, "राखन करता का तमाशा पाहता रे?" पण सोंगणीच्या वेळी शेवटची ओळ पाखरांसाठी उभी ठेवायचे तेही तेच.

पुढच्या वर्षी मी माझ्या जयवंतामावशीला तुझ्याशी पाट लावायचं विचारायला तुमच्याकडे पाठवलं. काका आडवे आले नाहीत. "पोरीले इचारा," एवढंच म्हणाले. तू चुलीपुढून उठली नाहीस. मावशीनं तुझं उत्तर जसंच्या तसं आणून दिलं, "मी गेली त मामंजीले अन् आत्याबाईले कोन पाहीन?" त्यात नाही हा शब्द नव्हता. मी रात्रंदिवस तो शोधला, सापडला नाही. पण त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तरही नव्हतं, कारण त्या दोघांना तुझ्याशिवाय खरंच कोणी नव्हतं.

मग रोज तुझा आवाज ऐकायचा आणि पाखरांचंच बोलायचं, हे मला जमेना. वावर दादाच्या हवाली केलं आणि अकोल्याला निघालो. निघायच्या सकाळी बोचकं घेऊन धुऱ्यानं जात होतो. छोटी आगगाडी गाठून पुढे मूर्तिजापूरला बदलायचं होतं. मी तुझ्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं. बोरीपाशी आलो आणि तू माळ्यावर उभी राहून जीव खाऊन ओरडलीस, "शेषराव, भोरड्या! भोरड्या आल्या रे!" मी बोचकं टाकलं आणि माळ्यावर चढलो. चहूकडे गोफणी कडाडल्या, डबे वाजले, लोक हुर्र हुर्र करत धावले. मी आभाळ पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एक पाखरू नव्हतं.

काका धापा टाकत आले. "काहून ओरडली वं?" तू मान खाली घालून म्हणालीस, "वळल्या मामंजी, नदीकून वळल्या." माझी गाडी चुकली. तो दिवस मी गावातच राहिलो, दिवसभर माळ्यावर बसलो, आणि तू दिवसभर एकाही पाखराची खबर दिली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा तू पाठमोरी होतीस.

तुझी नजर मला ठाऊक आहे. नदीपलीकडे बसलेलं पाखरू नर की मादी ते तू सांगायचीस. तू चुकणारी नाहीस. मग त्या सकाळी तू का ओरडलीस? हे मी तुला कधी विचारू शकलो नाही, कारण विचारायचं म्हणजे काकांच्या तोंडून विचारायचं. पण जमुना, इतकी वर्षं मी त्या रिकाम्या आभाळावर काढली आहेत. इथे लोकांनी मला मुली दाखवल्या. चांगल्या होत्या. मी कोणाला काय सांगणार, की माझ्यासाठी एकीनं नसलेल्या भोरड्या पाहिल्या आहेत?

पत्रं वाचताना तू दाराआड उभी असतेस, हे मला दादानं सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तेव्हापासून मी एकाही पत्रात करकोचे चुकवले नाहीत. जवारीवाल्यांना करकोच्यांशी काय करायचं होतं? ते तुझ्यासाठी होते. आणि काकांच्या उत्तरात शेवटी ओळ असायची, "जमुना सांगते की आमच्याकडेही करकोचे गेले." बाकीचं कार्ड मी एकदा वाचायचो. ती ओळ पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरवायचो.

एक गोष्ट मनातून जात नाही. काकांचे डोळे अधू झाले तर पत्र वाचायला गावात माणसं नव्हती का? दादाला वाचता येतं, शाळेचे मास्तर आहेत. तरी काकांनी सुपात राख पसरून, बोटानं चाचपत तुला अक्षरं शिकवली. हेही दादानंच सांगितलं, आणि वर म्हणाला, म्हाताऱ्याला या वयात काय खूळ लागलं. ज्या माणसानं माझे करकोचे वर्षानुवर्षं मोठ्यानं वाचले, त्याला त्यातलं काहीच कळलं नसेल असं मला वाटत नाही. मी चुकत असेन. पण त्याच्यामुळेच मला आज लिहायचा धीर आला.

आता रुईचं. कुवाऱ्याला विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं रुईशी लग्न लावतात, ही आपल्यातली रीत तुला माहीत आहे. तुला पुन्हा एकदा विचारायचं असं मी ठरवलं, तेव्हा म्हटलं, आपल्या बाजूनं काही अडचण नको. जिनामागच्या त्या रुईशी मागच्या आठवड्यात मी लग्न लावून घेतलं. भगवंतानं अंतरपाट म्हणून कापसाच्या पोत्याचं तागट धरलं, गाडीवानांनी जवारीच्या अक्षता टाकल्या, आणि शिंजीर बिचारा वऱ्हाड पाहून पळाला. सगळे पोट धरून हसले. बायको तशी शांत आहे, उलट बोलत नाही. तुला न विचारता हे केलं खरं, पण त्याचं ओझं तू घेऊ नकोस. तू नको म्हणालीस तर मी आणि रुई आहोत.

पण अक्षता पडल्यावर भगवंत थट्टेनं म्हणाला, "पाखऱ्या, हे काही मुया उपटून तुह्या घरी येनार नाही. तुलेच हिच्याजवळ येऊन राहा लागीन." सगळे पुन्हा हसले. मी मात्र हसायचा राहिलो. इतकी वर्षं मी एकच वाट पाहिली होती, बाईनं घर सोडून यायची. मावशीला पाठवलं तेही तुला न्यायला. तू विचारलंस, त्यांना कोण पाहील? त्याचं उत्तर इतकं जवळ होतं आणि ते मला एका झुडपापाशी सापडलं. लोक म्हणतील, शेषराव बायकोच्या सासरी नांदायला गेला. म्हणू देत. पाखऱ्या म्हणतात ते ऐकलंच ना मी?

म्हणून हे पत्र. मी तुला अकोल्याला बोलवत नाही, मी तिकडे येऊ का विचारतो. खालच्या ओळी काकांसाठी आहेत, आपल्या बोलीत लिहिल्या आहेत. त्या त्यांच्यापुढे वाचायच्या की नाही, ते तू ठरव. नाही वाचल्यास तर त्या ओळी इथे होत्या हे तुझ्या-माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

"किसनकाका, मले जमुनाशी पाट लावाचा हाय. पन तिले तुमच्या घरून नेत नाही, मीच तुमच्या घरी येतो. वावर तुमचंच राहू द्या, मी ते वाहीन. तुमाले अन् काकूले आमी दोघं पाहू. माळ्यावर मी बसीन अन् पाखराची शेवटची ओळ तुमी म्हनाल तशीच उभी ठेवीन. तुमी हो म्हना."

अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाच्या माळ्यावर येऊन बसेन. हुरडा खायला आलो असं सगळ्यांना सांगेन. तू काकांना वाचून दाखवलं नसशील तर खरी पाखरं तेवढी सांग. मी ती वळवीन आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. तुझ्यावर राग धरणार नाही, पुढच्या हिवाळ्यातही भोरड्यांची खबर वेळेवर येईल, करकोच्यांचीही. पण वाचून दाखवलं असशील, आणि काकांनी मान हलवली असेल, तर जमुना, मला पाहून त्या सकाळसारखीच ओरड. आभाळात एकही पाखरू नसलं तरी ओरड.

तुझाच,
शेषराव